न उघडणारं झाकण

मस्टँग मोटारीच्या पाठीवर, दोन्ही बाजूंच्या तीन-तीन उभ्या दिव्यांच्या बरोबर मधोमध, एक गोल झाकण असतं. पसरलेल्या तळहाताएवढं. भोवती चकचकीत कड, आत काळ्यावर उठावाची दोन अक्षरं. ज्यानं कधी काळी जुन्या मोटारीत किंवा स्कूटरमध्ये पेट्रोल भरून घेतलंय, त्याचा हात नकळत तिथं जातो, बोटं कडेवर बसतात, मनगट डावीकडे वळू पाहतं, आणि काहीच हलत नाही. 1964 साली आलेल्या पहिल्या मस्टँगला याच जागी टाकीचं खरं झाकण होतं. पंपावरचा पोऱ्या गाडीच्या मागं येऊन उभा राहायचा, झाकण फिरवून काढायचा, आतून पेट्रोलचा गोडसर, डोक्यात चढणारा वास वर यायचा. पुढं टाकीचं तोंड बाजूला गेलं. आजच्या गाडीत पेट्रोल कुशीतून आत जातं आणि तिथं फिरवायचं झाकणसुद्धा उरलेलं नाही. नळी टेकवली की स्प्रिंगवरची पाकळी आपसूक बाजूला होते आणि नळी काढली की मिटते. जिथून पेट्रोल जातं तिथं झाकण नाही, जिथं झाकण आहे तिथून पेट्रोल जात नाही.

तरीही कुणीतरी ते झाकण ठेवलं.

हे झाकण मी बघते ते तुआसला, जिथं शोभेचं म्हणून काही ठेवायची कुणाला सवड नसते. सिंगापूर बेटाचं हे पश्चिम टोक. हिरव्या रेषेची मेट्रो इथं येऊन संपते, तीही आकाशातून. खाली ट्रकांचा रस्ता, त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता आणि त्याच्याही वर रूळ. सकाळी लॉऱ्यांच्या हौद्यात दाटीनं बसून कामगार येतात, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर. जहाजबांधणीचे गोदे, रसायनांच्या टाक्या, पत्र्याच्या उंच शेड, आणि त्या सगळ्यांवर विषुववृत्ताजवळचं ते सरळ खाली कोसळणारं ऊन, ज्यात दुपारची सावली पायाशी गोळा होऊन बसते. हवेत समुद्र असतो, पण तो डिझेलच्या, तापल्या लोखंडाच्या, ओल्या दोरखंडांच्या वासातून गाळून आलेला. अशाच एका गल्लीत, वेल्डिंगच्या वर्कशॉपच्या अर्ध्या उघडलेल्या शटरसमोर, ती गडद हिरवी मस्टँग उभी असते. आत ठिणग्या उडतात तेव्हा तिच्या दारावर क्षणभर निळंपांढरं काही लकाकतं आणि विझतं. वर्कशॉपचे मालक साठी ओलांडलेले चिनी गृहस्थ आहेत. गल्लीत सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणतात, मीही म्हणते. तरुणपणी ते जहाजांच्या गोदीत वेल्डर होते. दुपारच्या चहाला ते एका हातात कॉफीची पिशवी आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन बाहेर येतात, आणि गाडीवर धूळ असो-नसो, बोनेट पुसतात.

इथली जमीनसुद्धा नवी आहे. तुआसला एकेकाळी कोळ्यांचं गाव होतं. मलय कोळी समुद्रात माडाच्या पानांच्या फांद्या अंथरत, त्यांच्या सावलीला मासे जमत, आणि मग जाळं वर ओढलं जाई. ते गाव उठलं, समुद्र बुजवत बुजवत किनारा पुढं सरकला. नव्या बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी समुद्राच्या तळावर काँक्रीटच्या 221 पेट्या ओळीनं बसवल्या, एकेक पेटी 28 मीटर उंच, म्हणजे दहामजली इमारत पाण्यात उभी करावी तशी, आणि त्यांच्या आड भराव टाकून धक्का उभा केला. सप्टेंबर 2022 मध्ये ते बंदर रीतसर सुरू झालं. तिथं कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना चालक नाही, इंजिन नाही. बॅटरीवर चालणाऱ्या त्या बुटक्या, सपाट गाड्या आपापल्या अदृश्य रेषांवरून मुकाट ये-जा करतात. ज्या समुद्रात कोळी सावली पेरत, त्या समुद्राच्या पोटावर आता या फिरतात.

आणि या देशात मोटारीला म्हातारपण नाही.

1990 पासून इथं गाडी घ्यायची तर आधी गाडी ठेवण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या गाड्यांसाठीचा हा नुसता हक्क दीड लाख सिंगापूर डॉलरच्या पुढं गेला होता. गाडीची किंमत त्याच्यावर वेगळी. हक्काची मुदत दहा वर्षं. दहा वर्षांनी त्या वेळच्या भावानं पुन्हा पैसे भरा, नाहीतर गाडी रस्त्यावरून उतरवा. पस्तिशी ओलांडलेल्या अभिजात गाड्यांसाठी वेगळी सवलत आहे, पण त्यांना वर्षातले मोजकेच दिवस बाहेर पडता येतं. त्यामुळे या शहरात डोळ्यांना एका गोष्टीची सवयच राहत नाही. उन्हानं रंग उडालेलं बोनेट, गंजानं कुरतडलेलं मडगार्ड, दोरीनं बांधलेला बंपर, मागच्या काचेवरचं विटून पांढरं झालेलं देवाचं चित्र, माणसाबरोबर म्हातारी झालेली, त्याच्या खोकल्यासारखाच सकाळी खोकणारी गाडी इथं दिसत नाही. चांगल्या धडधाकट गाड्या मुदत भरली म्हणून निघून जातात. काही जहाजात बसून परदेशी, काही इथल्याच वाड्यांत, जिथं त्यांची दारं, काचा, चाकं, इंजिनं सुटी करून वेगवेगळ्या ढिगांत लागतात. शेजारच्या जुरोंगमधल्या पोलाद कारखान्यात, जो 2005 पासून 2021 पर्यंत टाटांकडे होता, भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या होतात. तेव्हा एखाद्या गाडीचा दरवाजा आता कुणाच्या घराच्या खांबात उभा असेल, आणि त्या घरातलं कुणीतरी खिडकीतून रस्त्यावरच्या नव्या गाड्या बघत असेल.

अशा गावात साठ वर्षांपूर्वीचा चेहरा रस्त्यावर पाहायचा, तर तो नव्या अंगावर चढूनच यावा लागतो.

काय होता तो चेहरा? अमेरिकेत युद्धानंतर जन्मलेली मुलं हाताशी आली होती, पेट्रोल स्वस्त होतं, रस्ते सरळ आणि लांब होते. 1964 सालच्या मॉडेलांत पाँटियाकनं मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन मधल्या आकाराच्या गाडीत बसवलं आणि जीटीओ विकायला काढली. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली, पहिल्याच दिवशी तिच्या 22,000 मागण्या नोंदल्या गेल्या. जाणकार मस्टँगच्या कुळाला जीटीओसारख्या गाड्यांपासून वेगळं काढतात, तिला ‘पोनी कार’ म्हणतात. मला ती वाटणी कधी महत्त्वाची वाटली नाही. लांब नाक, आखूड शेपूट, मागच्या चाकांवर रेललेलं वजन, उडी घेण्याच्या आधीचा तो आखडलेला श्वास त्या सगळ्यांत आहे. मग कॅमेरो आली, चार्जर आली, 1970 मध्ये डॉजची चॅलेंजर आली, ‘गो मँगो’ नावाच्या केशरी रंगात आणि ‘प्लम क्रेझी’ नावाच्या जांभळ्यात.

आणि आवाज. त्या आवाजाबद्दल सावकाश सांगायला हवं. व्ही-8 इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींकडे झुकून उभ्या असतात. खालच्या क्रँकशाफ्टची कोपरं या अमेरिकी इंजिनांत काटकोनात वळलेली, त्यामुळे आठही स्फोट सारख्या अंतरानं होत असले तरी एकेका रांगेतून बाहेर पडणारा धूर सारख्या अंतरानं पडत नाही. दोन ठोके जवळ येतात, मग एक जागा रिकामी जाते, मग पुन्हा एक ठोका, पुन्हा जोडी. गाडी जागेवर उभी असताना कान दिला तर त्या रिकाम्या जागा ऐकू येतात. ऐकू येतात असंही नाही, बरगड्यांना कळतात. इंजिन लंगडतंय असं वाटावं आणि त्या लंगडण्यातच त्याचा डौल असावा, अशी ती लय. अंकलची गाडी सुरू झाली की वर्कशॉपचं शटर बारीक थरथरतं, आणि शेजारच्या गोदामातला मुलगा हातातलं काम तसंच धरून दाराशी येतो.

ती सगळी दुनिया फार टिकली नाही. 1970 चा हवा-शुद्धीचा कायदा, विम्याचे चढते हप्ते, आणि मग ऑक्टोबर 1973 ची तेलबंदी. पंपांवर रांगा लागल्या, इंजिनांचा जीव काढून घेतला गेला, नावं उरली आणि त्या नावांखाली भलत्याच गाड्या विकल्या गेल्या. सिंगापूरच्या जुन्या अप्पर थॉमसन रोडवरची शर्यतही त्याच 1973 साली शेवटची झाली. 1961 पासून तिथं, रोजच्या वापरातल्या रस्त्यावर, 4.8 किलोमीटरच्या फेऱ्या मारत गाड्या आणि मोटारसायकली धावत. एका वळणाला सैतानाचं नाव होतं. अंकल तेव्हा शाळकरी पोर. तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून ते रानातल्या चढावर झाडीत बसत. तिथून रस्ता नीट दिसत नसे, फक्त आवाज येई, लांबून जवळ, जवळून लांब. “पाहिलं कमी, ऐकलं जास्त,” असं ते म्हणतात. आज त्या रस्त्याच्या कडेला उद्यान आहे आणि डोक्यावरच्या फांद्यांतून वानरं रस्ता ओलांडतात. अंकल अजूनही कधीतरी तिथं चालायला जातात.

त्या गाड्या परत आल्या त्या आठवणीतून. फोर्डमध्ये जे मेज हा रचनाकार जुन्याकडे पाहत पुढचं काढायची भाषा बोलत होता, आणि 2005 सालची मस्टँग त्या भाषेत बोलत आली: लांब नाक, फाळासारखा पुढं काढलेला कपाळाचा भाग, मागं तीन-तीन दिवे, आणि ते झाकण. 2008 मध्ये डॉजनं चॅलेंजर पुन्हा काढली, 2009 मध्ये कॅमेरो. तिघींत चॅलेंजर सर्वांत जवळची. 1970 ची गाडी कुणी मोठ्या काचेखाली धरून उतरवून घ्यावी इतकी जवळची, फक्त अंगानं लांब, उंच आणि जड. तिच्यावर माझा जीव आहे, आणि तरी वाटतं की तिनं थोडं विसरायला हवं होतं. आठवण पूर्ण शाबूत असली की तिच्यात नव्याला शिरायला फट राहत नाही. कॅमेरोच्या खिडक्या इतक्या अरुंद झाल्या की आतून बाहेरचं जग पट्टीएवढं दिसतं. बाहेरून मात्र ती भुवई आवळल्यासारखी देखणी. मस्टँगनं निवड केली. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे तिला उमजलं, आणि म्हणून ती मला सगळ्यांत खरी वाटते. इथं या बेटावर तर ती एकटीच भेटते, कारण या तिघींतली तीच कारखान्यातून उजव्या हाताला स्टिअरिंग घेऊन आली, तीही 2015 मध्ये, एक्कावन्न वर्षं झाल्यावर.

पण ही निवड केली कुणी, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. 2005 च्या मस्टँगचा मुख्य अभियंता हाउ थाय-टांग. त्याचा जन्म 1966 चा, सायगावचा. युद्ध चालू होतं. अमेरिकी सैनिकांचं मन रमावं म्हणून एका शर्यतपटूनं आपल्या गाड्या तिथल्या तळांवर फिरवल्या, आणि त्या शहरातल्या एका अगदी लहान मुलानं, ज्याच्या आसपास लष्करी ट्रक, सायकली आणि स्कूटरीच होत्या, पहिल्यांदा मस्टँग पाहिली. 1975 मध्ये सायगाव पडायच्या बेताला त्याचं कुटुंब बाहेर पडलं, अमेरिकेला पोचलं, आणि वाढत वाढत तो मुलगा त्या कंपनीत गेला आणि एके दिवशी त्याच गाडीच्या नव्या जन्माची जबाबदारी त्याच्यावर आली. ती गाडी त्याच्या बालपणात त्याच्या अंगणात उभी नव्हती, त्याच्या वडिलांनी ती चालवली नव्हती, त्याच्या गावच्या रस्त्यांशी तिचा संबंध नव्हता; ती एका जळत्या शहरात, परक्या सैन्याच्या करमणुकीसाठी आलेली, घटकाभर दिसून गेलेली वस्तू होती. तीस वर्षं ती त्याच्या डोळ्यांत राहिली.

नव्या कॅमेरोचं बाह्यरूप काढणाऱ्यांत सांगयुप ली हा सोलचा शिल्पकलेचा विद्यार्थी होता. म्हणजे अमेरिकेच्या रक्तातल्या म्हणवणाऱ्या या गाड्यांना पुन्हा हाक मारणाऱ्यांत आशियातून गेलेली ही माणसं होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या घरात एखादी गोष्ट रोज असते, तो तिच्याकडे बघायचं थांबतो. ज्यानं ती लांबून, एकदाच, कुंपणापलीकडून पाहिली, त्याला तिच्या कडा पाठ असतात.

माझे आजोबा कुर्ल्याला होते. 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. अमेरिकेहून बोटीनं लाकडी खोकी यायची, खोक्यांतून गाडी निघायची, तुकड्यातुकड्यांनी. आजोबा बॉडीवर होते, घासकामाला. पत्र्यावर लांबी भरायची, ती सुकली की पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवत राहायचं, मग प्रायमर, मग पुन्हा घासायचं. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नसे. डोळे मिटून तळहात पत्र्यावरून नेत, अगदी हलके, आणि जिथं हात अडेल तिथं खडूनं छोटा गोल काढत. आम्हां कुणाला तिथं काहीच लागत नसे. निवृत्तीनंतरही रस्त्यात एखादी जुनी डॉज टॅक्सी किंवा कुणा पारश्याची प्लिमथ उभी दिसली की ते थांबत, इकडेतिकडे बघत आणि दारावरून हात फिरवत. “आपल्याकडची आहे,” म्हणत. गाडी त्यांची कधीच नव्हती. चाळीतल्या खोलीत सायकलसुद्धा भाड्याची यायची. पण त्या दाराचा बाक त्यांच्या तळहातात होता, आणि तो मरेपर्यंत तिथंच राहिला. चॅलेंजरचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा वेग, तिचं इंजिन काही आठवलं नाही. डॉज हे नाव वाचलं आणि मिटल्या डोळ्यांचे आजोबा दिसले.

लोक म्हणतात, या नव्या गाड्या नक्कल आहेत, कंपन्यांनी आठवणी विकायला काढल्या आहेत. विक्री आहे, खरंच आहे. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेव्हा कुणी त्या बाळाला नक्कल म्हणत नाही. त्याला नाव जड होत नाही. उलट घरात कुणी त्या नावानं हाक मारली की एक म्हातारी क्षणभर मान वर करते, आणि मग हसून बाळाकडे बघते. नाक तेवढं आजोबांचं, बाकी सगळं त्याचं. या गाड्यांचंही मला तसंच वाटतं. जुन्या मस्टँगचे ब्रेक भित्रे होते, वळणावर ती घाबरवायची, अपघातात माणसाला राखायचं भान तिच्यात फार थोडं होतं. नवी तसं करत नाही. ती नाव घेते, नाक घेते, झाकण घेते, आणि माणसाला जिवंत घरी पोचवते.

एक गोष्ट मात्र मला खुपते, आणि ती आवाजाची आहे. चार सिलिंडरांची मस्टँग 2015 पासून इंजिनाचा आवाज भरदार करून आतल्या स्पीकरमधून चालकाला ऐकवते. पुढं विजेवरची चार्जर आली, तिच्यात पेट्रोलचा थेंब नाही, आणि तरी तिला जुन्या इंजिनासारखी गर्जना करता यावी म्हणून मागं ध्वनीची वेगळी यंत्रणा बसवली. मी हा भेद मनात धरून ठेवला आहे: झाकण लपत नाही. हात लावा, ते उघडत नाही. ते तुम्हाला सांगतं की इथं पूर्वी काही होतं, आता नाही, आणि आम्ही ती जागा मोकळी सोडली नाही. स्पीकरमधला आवाज हे सांगत नाही. तो कानाशी बसून म्हणतो, मी अजून आहे. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असावा, त्याला हार असावा. त्याच्या आवाजात दुसऱ्या कुणी बोलू नये.

या मोजपट्टीनं पाहते तेव्हा जुरोंगमधली एक गाडी मला आवडते. ह्युंदाईनं नोव्हेंबर 2023 मध्ये तिथं सातमजली कारखाना उघडला. गच्चीवर गाड्यांच्या चाचणीची 620 मीटरची धावपट्टी, खाली यंत्रमानवांच्या खोल्या. तिथं आयोनिक 5 तयार होऊ लागली. विजेची, मुकी, कडा तासलेली गाडी. ती आठवण काढते ती कोरियाच्या पहिल्या स्वतःच्या गाडीची, 1974 मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात दिसलेल्या पोनीची. तेच सपाट पृष्ठ, तीच तिरकी रेघ. आणि तिच्यामागं ह्युंदाईच्या रचनाविभागात तोच सांगयुप ली, ज्यानं आधी परक्यांच्या कॅमेरोला हाक मारली होती. परक्याच्या आजोबांचं चित्र काढता काढता माणसाला स्वतःच्या आजोबांचं नाक काढता यावं, तसं काहीसं. तुआसपासून तो कारखाना काही लांब नाही. संध्याकाळी घरी जाताना त्या बाजूला आकाश तांबूस असतं आणि मी उगाच त्या गच्चीचा विचार करते, जिथं नव्याकोऱ्या गाड्या आवाज न करता फेऱ्या मारत असतील.

अंकलचा नातू शाळेच्या सुट्टीत वर्कशॉपवर येतो. त्याच्या खिशात बोटाएवढी खेळण्यातली मस्टँग असते, हिरवीच. एकदा त्यानं ती खऱ्या गाडीच्या मागच्या बंपरवर ठेवली, दोन्ही झाकणांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मोठ्या झाकणावर आपला हात चिकटवून मला सांगितलं, “आंटी, हे उघडत नाही.”

“पूर्वी उघडायचं,” मी म्हटलं.

“ह्याचं?”

“ह्याच्या आधीच्या गाडीचं. खूप जुन्या.”

त्यानं जरा विचार केला. “माझ्या गाडीचं तर नुसतं रंगवलंय,” तो म्हणाला. “आजोबांचं खरं आहे.”

मी त्याला काही समजावलं नाही. त्याच्यापुरती मूळ गाडी हीच. 1964 साल त्याला कुणी दाखवलेलं नाही, दाखवायला इथं ते उरलेलंही नाही. तुआसच्या उन्हात उभी असलेली, आजोबांच्या फडक्याखाली चमकणारी ही गाडी जाईल तेव्हा त्याच्या तळहातात या झाकणाची कड राहील, आणि पुढं कधी त्यानं गाडी काढलीच, तर तो हे न उघडणारं झाकणच प्रामाणिकपणे उतरवून घेईल.

मुदत जवळ आली आहे. नव्यानं हक्क घ्यायचा तर किती पैसे, हा हिशोब अंकल बोलून दाखवत नाहीत. मात्र अलीकडे ते सुट्टीच्या पहाटे जास्त बाहेर काढतात तिला. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम पन्नास किलोमीटर, वेगाची मर्यादा फार तर ताशी 90. ज्या गाडीला सरळ रस्त्याची भूक आहे तिनं इथं करायचं काय? म्हणून सिंगापूरमधल्या दांडग्या गाड्या पहाटे पहाटे तुआसकडे वळतात. महामार्ग इथं नाक्यापाशी संपतो आणि पलीकडे मलेशियात नेणारा, 1998 मध्ये खुला झालेला पूल सुरू होतो. इथल्या गाडीनं सीमा ओलांडताना टाकी निदान पाऊण भरलेली असावी असा नियम आहे, पलीकडच्या स्वस्त पेट्रोलसाठी कुणी रिकामं जाऊ नये म्हणून. एका शनिवारी अंकलनी मला शेजारच्या सीटवर बसवलं. मागं नातू, मुठीत त्याची छोटी गाडी. नाक्यावर अंधार होता, समोर मोटारसायकलींच्या लाल दिव्यांची नदी. काट्याकडे बोट दाखवून अंकल म्हणाले, “फुल आहे. मी कधीच पाऊण ठेवत नाही.”

पूल दोन किलोमीटरांचाही नाही. खाली सामुद्रधुनीत कोळ्यांच्या मचाणांवर दोन-तीन पिवळे दिवे होते. पलीकडचं सेनाई गाव मागं पडल्यावर तेलताडांच्या रांगा दोन्ही बाजूंनी उघडल्या, उजवीकडून उजेड फुटू लागला, आणि अंकलनी गिअर टाकला तशी ती लंगडी लय सलग झाली, सीटमधून पाठीत शिरली, नातवानं मागून ओरडून काहीतरी विचारलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पाटीवर 110 चा आकडा आला. पुढं उत्तरेला थायलंडच्या सीमेपर्यंत तोच रस्ता जातो, आणि अंकल म्हणाले की आज आपण मलाक्क्यापर्यंत तरी जाऊ.